हौदातला पोळा

आमच्या गावात माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतात. म्हातारा विमानात बसून परमुलखात गेला आणि तिथं माशाला हळद लावून पोराच्या नोकरीवर उठला. टपरीवर नवा माणूस चहाला थांबला की त्याला ही गोष्ट ऐकवतात, आणि मी समोर बसलेलो असलो तरी थांबत नाहीत. गोष्ट खोटी नाही. पण सांगणारे हसण्यापुरतीच सांगतात, म्हणून मी स्वतः लिहायला बसलो. शाळा मी चौथीपर्यंत शिकलो, तीही पावसाळ्यापुरती. दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला जावं लागायचं. तवा अक्षर वेडंवाकडं येईल. म्हणणं सरळ आहे.

माझा थोरला पोरगा परळीच्या वीज केंद्रात कंत्राटदाराच्या हाताखाली पंपावर होता. पंपाचा आवाज ऐकून कुठं दुखतंय ते सांगायचा. तिथून एकाच्या ओळखीनं तो आखातात गेला. कोणतं शहर, कोणाची कंपनी, ते मी लिहिणार नाही. फोनवर तो एवढंच म्हणायचा, "आबा, मोठ्या हौदाचे पंप हाईत माझ्याकडं." मला वाटायचं, शहराला पाणी पाजणारा हौद असेल. आमच्या चौसाळ्याच्या बाजूला ज्याच्या हातात पाण्याचा कॉक असतो त्याला लोक आमदाराच्या आधी रामराम घालतात. माझं पोरगं एवढ्या मोठ्या शहराचा कॉक फिरवतंय म्हणून मी छाती काढून हिंडायचो.

म्हातारी गेली आणि पोरगा हट्टाला पेटला, की दोन महिने माझ्याकडं या. मी नाही म्हणत होतो. दावणीला दोन बैल होते, आणि पोळा तोंडावर आला होता. शेवटी बैल चुलतभावाकडं नेऊन बांधले. त्याला बजावलं की खांदेमळणी माझ्या बैलांची आधी कर, तुझ्या बैलांची मागून. तो म्हणाला, "जा बे, मला नको शिकवू." मग गेलतो.

जे कधी शेतात गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहितो. पोळ्याच्या आदल्या दिवशी सांजच्याला बैलाचा खांदा गरम पाण्यानं धुवायचा आणि हळद-तूप लावून मळायचा. जू जिथं बसतं ती जागा वर्षभर सोसते. ती हातानं चोळायची आणि बैलाला सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, आवाज चढवायचा नाही, आणि पुरणाची पोळी आधी त्याला. दुष्काळात घरात डाळ नव्हती, तरी खांदेमळणी चुकवली नाही. बाप वारला त्या साली सुतक होतं, तरी शेजाऱ्याच्या हातानं माझ्या बैलांचे खांदे मळून घेतले. ही माझी रीत. ती कुणी शिकवलेली नाही आणि कुणाच्या सांगण्यावरून मोडणारही नाही.

तिकडं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात पोरगा म्हणाला, "चला आबा, माझा हौद दावतो."

हौद कसला! चहूबाजूंनी पायऱ्या, पायऱ्यांवर माणसं, गाणी लावलेली, आणि मधल्या निळ्या पाण्यात दोन काळपट जनावरं. घोड्याएवढी लांब, अंग तेल लावल्यासारखं. शिट्टी वाजली की ती पाण्याबाहेर उसळायची, टांगलेल्या चेंडूला तोंड लावायची, कड्यातून पार व्हायची. एक गडी पाण्यात उतरला. जनावरानं त्याच्या तळपायाला तोंड लावून त्याला असा ढकलत नेला की गडी पाण्यावर उभा राहून चालला. लोक टाळ्या वाजवून वेडे झाले. शेजारी सूनबाई बसलेली, तीही वाजवत होती. मी हात मांडीवर ठेवले.

"आबा, आवडलं न्हाई का?"

"हर उडीनंतर त्येच्या तोंडात काय टाकत्यात?"

"मासळी."

"आधी खाऊ घालत न्हाईत?"

पोरगा हसला. "पोट भरलं तर उडी कशापायी मारंल?"

मला हसू आलं नाही. मी पन्नास वर्षं बैल जुपले. वैरण आधी, जू मागून. उपाशी बैल जुपणाऱ्याला आमच्या ऊसतोडीच्या तांड्यात कोणी विडी देत नसे.

मी विचारलं, "मासा एवढा वेळ पाण्याभायेर तोंड काढून कसा ऱ्हातो?"

"मासा न्हाई त्यो. आपल्यावानी हवा घेतो वर येऊन. पिल्लाला दूध पाजती मादी."

"दूध पाजती?"

"हां."

"मग त्ये जनावर झालं की बे! म्हशीसारखं."

"तसंच समजा," पोरगा म्हणाला. त्याला वाटलं विषय संपला.

खेळ संपल्यावर माणसं उठून गेली तरी मी बसून राहिलो. गाणी बंद झाली होती. दोन्ही जनावरं हौदाच्या भिंतीला लागून फिरत होती. एकाच अंगानं, एकामागं एक, गोल. आमच्याकडं पूर्वी तेलाचा घाणा होता. त्याच्या बैलाचे डोळे बांधायचे, म्हणजे त्याला वाटावं आपण कुठंतरी चाललोय. यांचे डोळे उघडेच होते. सूनबाई म्हणाली, "बघा मामा, कसे हसत्यात." मी नीट पाहिलं. तोंडाची ठेवणच तशी आहे. आमच्या आळीत एका गड्याचे दात पुढं आहेत, तो बापाला खांदा देतानाही हसल्यासारखा दिसत होता. म्हणून काय त्याला आनंद झालता?

घरी आल्यावर जेवताना मी पोराला विचारलं, "यांचा पोळा कधी असतो?"

"कुणाचा?"

"तुझ्या हौदातल्या जनावरांचा. सुट्टीचा दिवस कोणता?"

"आबा, सुट्टी कसली? जुम्म्याला तर गर्दी जास्त, एक खेळ वाढवत्यात."

"वर्षातनं एकबी न्हाई?"

"न्हाई."

"आणि तू त्येचं पाणी फिरवतो."

पोरगा ताटावरून उठला नाही, पण घास थांबला. म्हणाला, "मी पाणी साफ ठेवतो. मी न ठेवलं तर घाणीत मरतील. हे बघा की कधी." बोलणं खोटं नव्हतं. पण मला पटलंही नाही. सूनबाईनं मध्येच भाजी वाढली आणि म्हणाली, "मामा, हितं ऱ्हायला घर दिलंय कंपनीनं. त्येवढं ध्यानात असू द्या."

ते ध्यानात होतं. त्या नोकरीवर घर होतं, दोघं एकत्र राहत होती, गावाकडं पत्रे जाऊन स्लॅब आला होता. हे सगळं मला कळत होतं. कळूनही पोळ्याचा आदला दिवस आलाच.

सकाळी चुलतभावाला फोन लावून आजच खांदेमळणी असल्याची खात्री केली. मग सूनबाईकडं तूप आणि हळद मागितली. तिला वाटलं गुडघ्याला लावायची असेल. पितळीत कालवून मी ती स्टीलच्या डब्यात भरली. डबा चांगला मोठा घेतला. बैलाला लावताना मी कधी हात आखडला नाही, इथं कशाला आखडू? दुपारनंतर पोराला म्हणालो, "आज शेवटच्या खेळानंतर मला मागच्या बाजूनं ने. जवळून बघायचंय." तो खूश झाला. त्याला वाटलं म्हातारा निवळला.

मागच्या बाजूला धाकटा हौद होता. खेळ झाला की जनावरं तिथं आणून सोडत. पोरगा पंपाच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "हितंच बसा, हात घालू नका." मी काठावर बसलो. माणूस दिसला तसं एक जनावर सरळ माझ्याकडं आलं आणि तोंड उघडून थांबलं. मासळी मागत होतं. माझ्याकडं मासळी नव्हती. तरी ते गेलं नाही. डोक्यावरच्या भोकातून फुस्स करून वारा सोडला, तो माझ्या तोंडावर आला. उबदार होता. एका डोळ्यानं ते मला बघत होतं. तो डोळा लाल झाला होता. कशानं, ते मला ठाऊक नाही.

खांदा कुठं शोधायचा? त्याला खांदाच नाही. मग मी म्हणालो, ज्या जागी भार पडतो ती जागा. त्या गड्याचे तळपाय जिथं टेकतात ती, तोंडाची. मी डबा उघडला, बोटांवर हळद-तूप घेतलं आणि त्याचं तोंड मळायला लागलो. कातडी गार, उकडलेल्या अंड्यासारखी. ते हललं नाही. मी म्हणालो, "आज आवतण घ्या. उद्या जेवायला या." दुसरं आलं. त्यालाही मळलं. दुसऱ्यानं खालून डोकं वर केलं, डब्याला धक्का लागला, आणि उरलेलं सगळं पाण्यात गेलं.

तूप पाण्यावर पसरतं ते बघायला वेळ लागत नाही. निळ्या पाण्यावर पिवळा तवंग आला आणि भिंतीतल्या ज्या भोकातून पाणी आत ओढलं जातं तिकडं सरकायला लागला. पंपाचा आवाज बदलला. तो मलाही कळला. पोरगा पळत आला, मी बसलेला, हात पिवळे, डबा तळाशी.

"आबा! काय केलं हे?"

"खांदेमळणी."

तो काठावरच खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग उठून पळाला आणि पंप बंद केला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन पोळ्याला, खेळ बंद. हौद उपसायचा, गाळण्या धुवायच्या, जनावरांच्या डॉक्टरीणबाईनं दोघांचं रक्त तपासायला नेलेलं. जनावरांना काही झालं नव्हतं, हे मी लगेच सांगून टाकतो. बाई मला बघून रागानं तिच्या भाषेत ओरडली. तिचा राग मला मान्य आहे, कारण ती जनावरासाठी रागावली होती. बाकीचे बंद पडलेल्या खेळासाठी रागावले होते.

आम्हाला साहेबाच्या खोलीत बोलावलं. मोठा साहेब गोरा होता, त्याला आमची बोली कळत नव्हती. बोलणारा होता पोराचा वरचा, हैदराबादकडचा माणूस. पोरानं मला येताना सांगितलं होतं, तुमी तोंड उघडू नका, मी बोलतो. पण त्या माणसाची बोली कानावर पडली आणि मला गप्प बसवेना. असलीच बोली माझ्या आजाच्या तोंडात असायची, निजामाच्या वेळची.

"चाचा, क्या डाले पानी में?"

"हल्दी. और घी."

"कायकू?"

"आज त्योहार है उसका."

"किसका?"

"जो काम करता, उसका."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या मिशीत काहीतरी हललं, पण साहेब बसलेला होता. त्यानं साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेबानं दोन शब्द टाकले. मग तो पोराकडं वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "देखो, सीधा रास्ता है. बोल दो के बुड्ढे का दिमाग ठिकाने पे नहीं है. उमर की बीमारी है. साब मान लेते. चाचा को घर भेजो, तुम काम पे लगो. नहीं तो आज का आज हिसाब."

मी म्हणालो, "लड़के का कुछ नहीं जी. मैं किया. जो सजा है मेरेकू दो."

"माफी मांगते?"

"नक्को."

"चाचा, एक लफ्ज है."

"आदमी उसके मुँह पे खड़ा रहता साल भर. मैं एक दिन घी लगाया. माफी कायकी?"

पोरगा खाली बघत होता. मला त्याचा कान दिसत होता, तो लाल झाला होता. मी त्या क्षणी त्याला काही म्हणालो नाही, खूणही केली नाही. वेडा म्हणाला असता तर मी ऐकून घेतलं असतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

वरच्यानं पुन्हा विचारलं, "बोलो भई. दिमाग ठीक नहीं है ना?"

पोरानं मान वर केली. म्हणाला, "दिमाग ठीक है सर इनका. आज कौनसा दिन है, मैं भूल गया था. ये नहीं भूले."

झालं. संध्याकाळपर्यंत हिसाब हातात.

आता कोणाला वाटेल की बापलेक गळ्यात पडले असतील. विमानात तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. सूनबाईनं खिडकीकडं तोंड केलं ते उतरेपर्यंत. बीडच्या स्टँडवर उतरलो, बॅगा खाली ठेवल्या, तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. "आबा, माझ्या तोंडातनं गेलं त्ये. परत इचारलं असतं तर मी तुमाला येडा म्हणलो असतो."

"म्हणला न्हाईस ना?"

"न्हाई."

"मग झालं."

"झालं कुठं? आता खायचं काय?" असं म्हणून त्यानं बॅगा उचलल्या.

गावात तर लोकांना वर्षभराची करमणूक मिळाली. टपरीवाला माझ्याच वयाचा, लहानपणापासूनचा सोबती. तो एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाला, "का बे, जल्मभर बैलाच्या नाकात वेसण घालून ओढलं, पाठीवर वळ उठवले, आणि तिकडं जाऊन साधू झाला व्हय?"

मी म्हणालो, "वेसण घातली. वळबी उठवले. न्हाई कोण म्हणतं?"

"मग फरक काय?"

"फरक हा, की माझा बैल दावं तोडून गेला तर दिवस मावळता पुन्यांदा गोठ्यात येतो. त्येला ठाव हाय, घर कुठं हाय. तू त्या जनावराला दर्यात सोड. दुसऱ्या दिवशी खेळाच्या टायमाला परत आलं, तर मी या टपरीत बसून मिशी काढतो."

"त्ये हौदातच जल्मलं आसंल तर? दर्यात मरंल की."

हे बोलणं त्याचं खरं होतं. पोरगाही तेच सांगत होता, की काही जनावरं तिथंच जन्मलेली आहेत, शिकार कशी धरायची ती त्यांना माहीत नाही. यावर मी लई दिवस विचार केला. मग टपरीवर जाऊन सांगून आलो, "जल्मलेल्यांना सांभाळा म्हणावं, पोटभर घाला, उड्या मारायला लावू नका. पण नवी पिल्लं काढू नका. खेळ बघायला पाळणा हालवायचा, ही कुठली रीत?" तो म्हणाला, "तुला कोण इचारतंय बे?" कोणी विचारत नाही. म्हणून काय बोलायचं नाही? बैल मी शेतासाठी पाळला. त्याच्या घामातून जोंधळा आला, तो मी खाल्ला, त्यालाही कडबा मिळाला. त्या हौदातून काय येतं? टाळ्या. टाळ्या जनावराच्या पोटात जात नाहीत.

पोरगा काही महिने चौसाळ्याला एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसला. मग एक दिवस त्या हैदराबादच्या माणसाचा फोन आला. नव्या गड्याला पंप उमगत नव्हते. हौदावर परत ये म्हणाला, साहेबाला मी सांगतो, घर आहे तेच मिळेल. आणि नको असेल तर त्याच्या भावाच्या ओळखीनं दुसरी एक जागा होती. समुद्राचं खारं पाणी गोडं करायचा कारखाना. तिथं पगार कमी आणि कुटुंब नेता येत नाही.

रात्रीच्या जेवणाला हा विषय निघाला. मी म्हणालो, "हौदावर गेलास तर तुझा एक घास या घरात मी खाणार न्हाई. मी माझं येगळं शिजवीन."

सूनबाई आजवर माझ्यासमोर मोठ्यानं बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "मामा, तुमी बैलाच्या कष्टाचं खाल्लं ना जल्मभर?"

"खाल्लं. त्येला आधी घालून खाल्लं."

"आणि मला? माझ्या संसाराला आधी काय घातलं तुमी?"

तिच्या संसाराला मी काही घातलं नव्हतं, उलट तिचं घर घालवलं होतं. तरी बोललेलं मागं घेतलं नाही. पोरगा दोघांचं ऐकत भाकरी कुस्करत बसला. नंतर म्हणाला, "मी पाण्याच्या कारखान्यात जातो." कोणाकडं बघून म्हणाला नाही.

त्याला पोचवायला मी चौसाळ्याच्या फाट्यापर्यंत गेलतो. गाडी यायला उशीर होता. मी विचारलं, "तिथं काय काय हाय?"

"पंप. पाइप. मीठ."

"आणि हौदात?"

"कोण न्हाई आबा. नुसतं पाणी."

"मग जा," मी म्हणालो.

सूनबाई गावातच राहिली. माझं ताट ती वेळेवर वाढते, पण समोर आदळते. कपड्याच्या घड्या घालते, पण माझ्या हातात देत नाही, खाटेवर टाकते. नवऱ्यापासून तिला लांब ठेवलं ते मीच, हे तिला माहीत आहे आणि मलाही. तिच्या ठिकाणी मी असतो तर मीही आदळलं असतं. परवा तिनं ताट ठेवून विचारलं, "एकदा तरी म्हणा मामा, चुकलं."

मी भाकरी मोडली आणि म्हणालो, "तुझ्यापुरतं वाईट वाटतं, पोरी. चुकलं न्हाई."

ती आत निघून गेली. भाजीत मीठ नव्हतं. मी मागितलं नाही, तशीच खाल्ली.